लॉगिन होताच कामाला लागणारे टर्मिनल

समजा, तारकर्लीत निवास-न्याहारी चालवणाऱ्या एखाद्या कुटुंबाला रोज सकाळी आदल्या दिवशीच्या आरक्षणांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आहे. रोज टर्मिनल उघडून तीच आज्ञा टंकित करावी लागते आणि पर्यटकांची गर्दी असलेल्या दिवशी नेमके तेच राहून जाते. लॉगिन होताच अशी आज्ञा आपोआप चालवण्याची सोय संगणकात फार पूर्वीपासून आहे. मात्र आज्ञा कोठे लिहावी, हे ठाऊक नसल्यास सोयीचा जाच होतो.

युनिक्सच्या १९७९मधील सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आला. लॉगिन होताच तो ‘डॉट प्रोफाइल’ या फाइलमधील आज्ञा वाचत असे. १९८९मध्ये आलेल्या बॅशनेही हीच परंपरा पुढे चालवली. त्याच्या ‘डॉट बॅशआरसी’ या फाइलचा स्वभाव मात्र निराळा आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी उघडताना ती वाचली जाते. त्यामुळे प्रत काढण्याची आज्ञा तेथे लिहिल्यास दिवसातून दहा वेळा प्रत निघेल. ‘टर्मिनल उघडा’ अशी आज्ञा लिहिल्यास तर प्रत्येक खिडकी दुसरी खिडकी उघडत राहील!

खिडकी उघडून तिच्यात आज्ञा चालवायची असेल, तर डेस्कटॉपचीच मदत घ्यावी. उबुंटूत ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये टर्मिनलचे नाव व त्यापुढे आज्ञा अशी नोंद करता येते, जीनोम टर्मिनलसाठी दोहोंमध्ये दोन संयोगचिन्हे लागतात. विंडोजमध्ये बॅच फाइल ‘स्टार्टअप’ फोल्डरमध्ये ठेवावी. मॅकवर ‘डॉट कमांड’ अशा शेवटाची फाइल तयार करून, तिला चालण्याची परवानगी देऊन ती ‘लॉगिन आयटम्स’मध्ये टाकावी. काम संपताच खिडकी मिटत असेल, तर निकाल वाचता यावा म्हणून लिनक्समध्ये शेवटी पुन्हा शेल सुरू करावा. विंडोजच्या बॅच फाइलीत ‘पॉज’ लिहावे.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गातील वीजपुरवठा विस्कळीत झाला होता. अशा वेळी वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू झाला, तरी पासवर्ड देणारे कोणी घरात नसल्यास लॉगिन होत नाही. साहजिकच लॉगिनशी बांधलेली आज्ञाही चालत नाही. यजमान मुंबईत चाकरमानी असतील, तर प्रत निघाली नाही हे त्यांना कळणारही नाही. जे काम माणसाच्या गैरहजेरीतही व्हायला हवे, ते संगणक सुरू होण्याशीच जोडावे. त्यासाठी लिनक्समध्ये क्रॉन किंवा सिस्टमडी आणि विंडोजमध्ये ‘टास्क शेड्युलर’ आहे.

या फाइलींत बदल करण्यापूर्वी मूळ फाइलीची प्रत अवश्य ठेवावी. चुकीची एक ओळही लॉगिन अडवू शकते. म्हणून एक खिडकी उघडी ठेवून दुसरीत नवी आज्ञा तपासून पाहावी. पासवर्ड तेथे कदापि लिहू नये. घातक प्रोग्रॅमही याच जागांचा आश्रय घेतात. त्यामुळे अधूनमधून तेथे नजर टाकावी आणि आपण न लिहिलेली ओळ आढळल्यास जाणकाराला विचारावे. संगणक आपल्या नावाने काय करतो आहे, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवे.