हौसेचा कॅमेरा, धंद्याची बिलं

रविवारी सकाळी भोरच्या नेकलेस पॉइंटवर गेलात, तर नीरेच्या वळणाआधी प्री-वेडिंगवाली जोडपी दिसतात. पावसाळ्यात हीच गर्दी वेल्ह्याकडे, मढे घाटात. कॅमेरा धरणारी बरीचशी पोरं विशी-पंचविशीतली. आठवडाभर नोकरी नाहीतर कॉलेज, सुट्टीला ऑर्डर. करबिर भरतोस का विचारलं, की 'छे, आपली हौस आहे!'

पण आपल्या आयकर कायद्यात 'हौस' नावाचा रकानाच नाही. अमेरिकेत आहे, तिथे पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला, की साधारणपणे धंदा मानतात. आपल्याकडे प्रश्न एवढाच, की हे पैसे धंद्याचे की 'इतर उत्पन्न'? राजगडाचा एखादा फोटो कुणी कॅलेंडरसाठी विकत घेतला, तर ते इतर उत्पन्न. त्यातून फक्त ते पैसे मिळवण्यासाठीच झालेला खर्च वजा होतो. ट्रेकचं पेट्रोल आणि मिसळ नाही! पण इन्स्टावर रेटकार्ड आहे, अॅडव्हान्स घेता, दर सीझनला ऑर्डरी असतात, मग तुम्ही कितीही हौस म्हणा, तो धंदाच.

आणि धंदा म्हणण्यातच फायदा आहे. एडिटिंगचे पैसे, अल्बमची छपाई, असिस्टंटचा पगार, शूटला जायचं भाडं, सगळं वजा होतं. कॅमेऱ्याची किंमत मात्र एकदम नाही, घसारा म्हणून वर्षाला १५ टक्के. लॅपटॉपवर ४० टक्के. कॅमेरा घरच्या बारशालाही वापरत असाल, तर तेवढा हिस्सा सोडायचा.

इथे एक गंमत आहे. लग्नाचा सीझन तुळशीच्या लग्नानंतरचा, म्हणून नवा कॅमेरा दिवाळीत घेतला जातो. पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्माच. १ लाखाच्या कॅमेऱ्यावर १५,००० ऐवजी ७,५००. उरलेली रक्कम बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहते.

एवढा हिशोब नको असेल, तर छोट्या धंद्यांसाठी गृहीत उत्पन्नाची योजना आहे. वर्षाच्या जमेच्या किमान ८ टक्के, आणि यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरायचा. समजा, वेल्ह्याच्या एका मुलाने वर्षात २ लाख ४० हजारांच्या ऑर्डरी केल्या. सगळे पैसे यूपीआयने आले, तर नफा १४,४००. सगळे रोख, तर १९,२००. खरा नफा जास्त असेल, तर जास्तच दाखवायचा. यात वेगळा खर्च किंवा घसारा मागता येत नाही. आणि योजना घेऊन मध्येच सोडली, तर पुढची ५ वर्षं ती परत मिळत नाही. फोटोग्राफीत तोटा दाखवून पगारावरचा कर वाचवायचा विचार असेल, तर तोही सोडा. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही.

'पण १२ लाखांपर्यंत करच नाही ना?' बरोबर. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत साध्या उत्पन्नावर तसंच आहे. तरी एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, की कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं. शिवाय पुण्याच्या एखाद्या इव्हेंट कंपनीने टीडीएस कापला असेल, तर तो रिटर्न भरल्याशिवाय हातात येत नाही. तो कापलाय का, हे आयकर पोर्टलवर पॅन टाकून बघता येतं. उद्या गाडीसाठी किंवा स्टुडिओसाठी बँकेत गेलात, तर आधी मागच्या वर्षांचे रिटर्न्स मागतात. तिथे इन्स्टाचे फॉलोअर्स चालत नाहीत.

म्हणून ऑर्डरींसाठी वेगळं बँक खातं आणि वेगळा क्यूआर ठेवा. बिलांचे फोटो काढून ठेवा, तेवढं तर आपल्याला जमतं! आणि खर्च वजा करायचा असेल, तर एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका. तो खर्च धरलाच जात नाही.