सातबाऱ्यावरचे तुम्ही, आधारवरचे तुम्ही

सातबारा आपण एकच कागद म्हणून हातात घेतो, पण त्यात दोन वेगळे नमुने आहेत. जमीन कुणाची, किती, कोणत्या भोगवट्याची, तिच्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, हे गाव नमुना 7 मध्ये असतं. त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकलं, ते गाव नमुना 12 सांगतो. दोन्ही नमुने एका गट नंबराखाली एकत्र येतात. कुणाची किती जमीन, ही माहिती गटाऐवजी खातेदाराच्या नावाने मांडली की आठ-अ तयार होतो. एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये असताना समान रकान्याच्या आधाराने तक्ते एकमेकांना जोडण्याची रीत गणिताने मांडली आणि त्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे राहिले. आपल्याकडचे तलाठी हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून हाताने करत आले होते. गावात ते जमतही होतं, कारण नोंदवह्या एकाच दप्तरात होत्या आणि नोंदीमागचा माणूस तलाठ्याच्या ओळखीचा होता.

आज यांतलं काहीच उरलेलं नाही. पीएम-किसानचा 2,000 रुपयांचा हप्ता खात्यावर पडतो, त्यामागे काय काय जुळावं लागतं ते पाहा. जमीन नावावर आहे का, आणि ती 1 फेब्रुवारी 2019 पूर्वीपासून आहे का, हे राज्याच्या महसूल विभागाचे अभिलेख सांगणार. माणूस तोच आहे हे आधार सांगणार. आधारला कोणती बँक जोडलेली आहे ही माहिती राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे. तो आयकर भरत असेल तर अपात्र, आणि ते आयकर विभागाला ठाऊक. ही सगळी भांडारं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी तयार झाली. सातबारा शेतसाऱ्यासाठी, आधार ओळखीसाठी, बँकेचं खातं व्यवहारासाठी. एकमेकांशी बोलायची वेळ येईल असं सातबारा किंवा बँकेची खाती बनवताना कुणी गृहीत धरलं नव्हतं.

बोलायला काहीतरी सामाईक लागतं. दोन्ही बाजूंना एकच क्रमांक असेल तर प्रश्नच नाही. पण जुन्या सातबाऱ्यावर क्रमांक जमिनीला होता, माणसाला फक्त नाव होतं. आणि नावावर जोड बसवायला गेलं की महाराष्ट्रातलं प्रत्येक गाव अडखळतं. सातबाऱ्यावर दत्तात्रय, आधारवर दत्ता, बँकेत इंग्रजी आद्याक्षरांपुरता. वडिलांचं नाव एकीकडे गणपत, दुसरीकडे गणपती. बाईचं तर नावच अर्धं बदलतं: वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा लागला तो माहेरच्या नावाने, आधार निघालं सासरच्या नावाने. आणि कितीतरी उताऱ्यांवर अजून आजोबांचं नाव आहे. ते वारले, शेत नातू कसतो, पण वारस नोंद झालेली नाही. संगणकाच्या लेखी त्या जमिनीचा मालक असा माणूस आहे ज्याचं आधारच नाही.

जमिनीचा क्रमांकही दिसतो तितका पक्का नाही. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, आजच्या उताऱ्यावर गट नंबर, आणि दोघांचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात. पोटहिस्सा कुणी 45/2/अ लिहितो, कुणी 45-2-अ. वाचणाऱ्याला ते एक, यंत्राला दोन. क्षेत्र सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात गुंठ्यात, शहराजवळच्या दस्तात चौरस फुटात. एक गुंठा हा एक आरपेक्षा किंचित मोठा, म्हणून घाईने रूपांतर केलं की बेरीज चुकते आणि फेरफाराला हरकत येते. गावाच्या नावावर भिस्त ठेवली तर वडगाव आणि पिंपळगाव किती तालुक्यांत आहेत ते मोजावं लागेल. 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, 2023 मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली. ज्यांनी नावाऐवजी गावाचा सरकारी संकेतांक वापरला होता त्यांच्या याद्या टिकल्या.

मग दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवायचं कसं? याचं सर्वांत नीट उत्तर मला इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर या कॅनडाच्या सांख्यिकीतज्ज्ञांच्या 1969 च्या लेखात सापडतं. नाव, जन्मवर्ष, पत्ता यांतलं प्रत्येक साम्य आणि प्रत्येक फरक यांना त्यांनी वजन दिलं. दुर्मीळ आडनाव जुळलं तर त्याचं वजन जास्त, पाटील जुळलं तर कमी. वजनांची बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर गेली की जोड मान्य, खालच्या मर्यादेच्या खाली राहिली की अमान्य. पण त्यांच्या मांडणीत मधला एक गठ्ठाही आहे. ज्या जोड्यांबद्दल खात्री देता येत नाही त्या वेगळ्या काढायच्या आणि माणसाने बसून तपासायच्या. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते: दोन वेगळ्या माणसांना एक धरण्याची, आणि एकाच माणसाला दोन धरण्याची. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, म्हणून मधला गठ्ठा हवाच.

आपल्याकडची सरकारी योजनांची बरीच ॲप हा मधला गठ्ठा ठेवतच नाहीत, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर नाकारलं. कोणत्या भांडारात अडलं, सातबाऱ्यात की आधारमध्ये की बँकेत, हे त्या पडद्यावर नीट येत नाही. मग माणूस सेतू केंद्रात जातो, तिथून तलाठ्याकडे, तलाठी म्हणतो बँकेत जा, बँक म्हणते आधार दुरुस्त करा. शेवटी कधी कधी असं निघतं की पैसे केव्हाच आलेले आहेत, पण आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या भलत्याच बँकेच्या खात्यात.

हे टाळता येतं, याचा दाखला याच राज्यात आहे. 2017 च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, बँकांनी कर्जखात्यांची माहिती वेगळी दिली, आणि दोन्हींचा मेळ नंतर घातला गेला. सुरुवातीच्या याद्यांत चुका निघाल्या आणि रक्कम जमा व्हायला वेळ लागत गेला. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा केला. अर्जच नको, बँकांनी आधार क्रमांकासह कर्जखाती कळवायची, याद्या गावात लागायच्या, आणि शेतकऱ्याने केंद्रावर अंगठा लावून स्वतःचं नाव आणि रक्कम पडताळायची. पहिली यादी फेब्रुवारी 2020 मध्ये आली, तीही आधी प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन गावांपुरती. ज्याला रक्कम मान्य नाही त्याचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायचं. मला या योजनेत सर्वांत मोलाची वाटते ती ही समिती. जोड चुकली तर कुठल्या दारात जायचं, हे इथे आधीच ठरलेलं होतं.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर एका ॲपमध्ये अनेक भांडारं आणायचे दोन मार्ग आहेत. सगळी माहिती नकलून एका जागी आणायची, किंवा ती जिथे आहे तिथेच ठेवून लागेल तेव्हा विचारायची. नक्कल वेगाने चालते, पण काल झालेला फेरफार तिला आज माहीत नसतो. थेट विचारलं तर माहिती ताजी मिळते, मात्र एक सर्व्हर बंद पडला की सगळं थांबतं. एस्टोनियाने 2001 पासून दुसरा मार्ग धरला. तिथल्या एक्स-रोड या व्यवस्थेत प्रत्येक खातं आपली माहिती आपल्याकडेच ठेवतं, एकच माहिती दोन खात्यांनी वेगवेगळी गोळा करायला कायद्याने मनाई आहे, आणि आपली माहिती कुणी पाहिली हे नागरिकाला बऱ्याच बाबतींत स्वतः तपासता येतं. जमीन, कर्ज, आयकर हे सगळं एका ठिकाणी जोडलं जात असताना असा हक्क आपल्यालाही हवा.

आपल्याकडे आता जमिनीच्या तुकड्याला भू-आधार क्रमांक आणि शेतकऱ्याला ॲग्रीस्टॅक योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक मिळतो आहे. 2025 पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. दोन्ही बाजूंना पक्का क्रमांक आला म्हणजे नावांच्या घोळातून सुटका होईल, हे खरं. पण हा क्रमांक जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. दुसऱ्याचं शेत वाट्याने करणारा, किंवा आयुष्यभर शेतात राबूनही उताऱ्यावर नाव नसलेली बाई, या जोडणीत येतच नाही. जोड कितीही अचूक केली तरी मूळ नोंदीत जो नाही तो तिच्यातून निघणार नाही. त्यासाठी उताऱ्यावर नाव लावण्याचं काम आधी झालं पाहिजे, आणि ते सरकारने आपणहून हाती घ्यायला हवं.

तोवर आपल्या हातात असलेलं काम करून घ्या. महाभूलेख संकेतस्थळावर स्वतःचा सातबारा आणि आठ-अ विनामूल्य पाहता येतात. त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. लिहिताना झालेली चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते. उताऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो.