फाइलबरोबर फॉन्टही टाका!

पिरंगुटला माझं डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. आंबेमोहोराच्या पिशव्या, लग्नपत्रिका, इथल्या कारखान्यांचे कॅटलॉग, मुळशी धरणाकाठच्या कृषी पर्यटन केंद्रांची माहितीपत्रकं अशी कामं येतात. डिझाइन पसंत पडलं की गिऱ्हाईक म्हणतं, "ओपन फाइल द्या, आणि फॉन्टही टाका." फ्लेक्सवालाही तेच मागतो. मागणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरीही विकत घेतलेला फॉन्ट असा देणं गैर आहे असं मला ठामपणे वाटतं.

या सवयीला इतिहास आहे. संगणकावर मराठी रुजवण्याचं मोठं काम पुण्यातच झालं. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे योगेश, सुरेख हे फॉन्ट आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी कितीतरी छापखान्यांत पोचली. पण प्रत्येकाची अक्षरं साठवण्याची पद्धत निराळी होती. समोरच्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसायचा. मग मजकुराच्या सीडीतच फॉन्ट टाकून देण्याची रीत पडली. त्यावाचून काम पुढे सरकतच नव्हतं.

युनिकोड आल्यावर ही अडचण दूर झाली. आता 'क' साठीचा क्रमांक सगळ्या संगणकांवर एकच असतो. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट आला आणि वेगळं काही विकत न घेता मराठी वाचता येऊ लागलं. युनिकोडमधल्या मजकुराचा फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलतं, मजकूर शाबूत राहतो. गरज सरली, पण रीत तशीच राहिली.

फॉन्ट विकत घेतला म्हणजे त्याची मालकी मिळत नाही, वापरायची परवानगी मिळते. बहुतेक परवाने ठरावीक संगणकांपुरते असतात आणि वेबसाइट किंवा ॲपसाठी वेगळे पैसे पडतात. पीएमपी बसचा पास माझ्या नावाचा असला तर त्यावर शेजाऱ्याने स्वारगेटला जायचं नसतं, तसंच हे आहे.

या पैशांतून कुणाच्या मेहनतीचं मोल मिळतं, हेही पाहायला हवं. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं आणि मात्रा धरून शेकडो आकार काढावे लागतात. माहितीपत्रकात 'दऱ्याखोऱ्या' लिहायचं म्हटलं, तरी मराठीचा तो खास अर्धा 'र' कुणीतरी हाताने घडवलेला असावा लागतो, शिवाय पुढच्या 'य'शी त्याचं अंतर जुळवावं लागतं. इंग्रजीच्या मानाने मराठी फॉन्टचं गिऱ्हाईक थोडं. तेही फुकट वाटपावर चाललं, तर नवा मराठी फॉन्ट करायला कोण बसेल?

मग व्यवहार कसा करावा? छपाईसाठी मजकूर कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर करून) किंवा फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्यावी. फ्लेक्सवाल्याचं काम त्यात भागतं. काही परवाने त्या कामापुरता फॉन्ट प्रेसला द्यायची मुभा देतात, काही देत नाहीत, म्हणून अटी वाचाव्यात. लोगोही कर्व्ह करून दिला की तो वापरायला गिऱ्हाइकाला सहसा फॉन्ट लागत नाही. मात्र कृषी पर्यटन केंद्राला माहितीपत्रकातले खोल्यांचे दर दरवर्षी स्वतः बदलायचे असतील, तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना घ्यावा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कारखान्याने आपल्या ब्रँडचा फॉन्ट डिझायनरला पाठवताना, परवान्यात बाहेरचा माणूस बसतो का, हे तपासावं. बसत असेल तर काम संपल्यावर डिझायनरने ती फाइल काढून टाकावी.

खिशाला परवडत नसेल तर सरळ मार्ग आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त आणि बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. ते छपाईत, धंद्यात बिनदिक्कत वापरता येतात आणि इतरांना देताही येतात, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. बचत गटाच्या पापडाच्या पाकिटासाठी मी आधी तेच सुचवते.

हे सगळं काम संपल्यावर निघालं की कटकट होते, म्हणून कोटेशनमध्येच मी फॉन्टची वेगळी ओळ लिहिते: कोणता फॉन्ट, परवाना कुणाच्या नावावर, किंमत किती. गिऱ्हाइकांनीही सुरुवातीलाच विचारावं, "यातला फॉन्ट उद्या आम्हाला वापरायचा झाला, तर तो कुठून घ्यायचा?" एवढा प्रश्न विचारला तरी अक्षर घडवणाऱ्यापर्यंत त्याचे पैसे पोचण्याची वाट खुली होते.