घरचा सर्व्हर, जुन्या पीसीवर

घरातल्या सगळ्यांचे फोटो-व्हिडिओ एका जागी ठेवायला महागडा तयार डबा घ्यायची गरज नाही. माळ्यावर धूळ खात पडलेला 4 जीबी रॅमचा डेस्कटॉप पुरतो. त्यावर ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ टाका. डेबियन लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली फुकट आहे आणि तिचा सगळा कारभार ब्राउझरमधून चालतो. ‘ट्रूनॅस’ही फुकट, पण तिला किमान 8 जीबी रॅम लागते.

घोडं पेंड खातं ते राउटरपाशी. पोर्ट 100 एमबीपीएसचं असेल, तर सेकंदाला जेमतेम 11-12 एमबी सरकतात. म्हणजे लग्नाचं 100 जीबी शूटिंग चढवायला जवळपास अडीच तास! गिगाबिट पोर्ट आणि कॅट-5ई केबल असली, तर तेच काम पाव तासाच्या आसपास उरकतं. काटकसर करायचीच तर कॅबिनेटवर करा, इथं नको.

विजेचाही हिशेब मांडा: 40 वॉट खाणारा पीसी चोवीस तास चालू राहिला, तर वर्षाला सुमारे 350 युनिट जळतात.

दोन डिस्क ‘रेड-1’मध्ये जोडल्या, तर एक बिघडली तरी डेटा वाचतो. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. वेगळ्या डिस्कवर आणखी एक प्रत काढा आणि ती शक्यतो नातेवाइकांकडे ठेवा. आणि हो, राउटरमध्ये पोर्ट उघडून हा सर्व्हर थेट इंटरनेटवर आणू नका. बाहेरून फाइल हव्या असतील तर व्हीपीएन वापरा.