गॅस गेला कोठे?

आमच्या ग्वाल्हेरच्या हवेला मध्यममार्ग ठाऊक नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर जानेवारीत अनेकदा ५ अंशांच्याही खाली उतरतो. त्यामुळे मोटारीतील एसी आणि हीटर या दोहोंनाही येथे विश्रांती अशी नाहीच. उन्हाळा लागला आणि गाडीतला गारवा कमी झाला की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो : गॅस संपला आहे, भरून घ्या. या सल्ल्याचा वाचकांनी थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

हा गॅस म्हणजे इंधन नव्हे. पेट्रोल जळते आणि संपते. हा जळत नाही. कॉम्प्रेसर त्यास दाबतो, रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो द्रवरूप होतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा त्याची वाफ होते. त्या वेळी तो आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. हे चक्र बंदिस्त आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत किंचित गॅस झिरपतो हे खरे. परंतु दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित.

म्हणून आधी गळती शोधावयास सांगावे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. त्यामुळे गळक्या सांध्यावर तेलकट धूळ जमते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढावी आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. गळती तशीच राहिली, तर तेल कमी पडून कॉम्प्रेसर जाम होतो आणि थोडक्यात भागणारे काम मोठ्या खर्चावर जाते.

प्रश्न केवळ खिशाचा नाही. पूर्वी मोटारींत आर-१२ हा गॅस असे. तो ओझोनच्या थरास घातक ठरला आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट प्रभावी आहे. लहान मोटारीतील अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याएवढी भर पडते. गारव्यासाठी विकत घेतलेला गॅस अशा रीतीने उन्हाळाच वाढवितो!

हीटरचेही असेच. इंजिनातून तापून आलेले कूलंट डॅशबोर्डमागील लहान रेडिएटरमधून फिरते आणि त्याचीच ऊब आपणांस मिळते. कूलंट वारंवार कमी होत असेल, पायाखालचा गालिचा ओला लागत असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर नुसते पाणी ओतून भागवू नये, गळती काढावी. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये.

हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहते. धुक्याच्या दिवसांत हीटरसह एसी लावल्यास आतली हवा कोरडी होऊन काचेवरील बाष्पही लवकर जाते.

शाळेच्या साठा-नोंदवहीत एखादी वस्तू कमी भरली, तर नवी मागविण्यापूर्वी जुनी कोठे गेली, असे आम्ही विचारतो. गॅरेजमध्येही पैसे देण्यापूर्वी तोच प्रश्न विचारावा.