एकच बाटली, दोन कपडे

हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड चालू होती. नाचाआधी मुली एकमेकींची नखे रंगवत होत्या आणि नेलपॉलिशची बाटली कलंडली. काही थेंब एकीने नेसलेल्या आईच्या सुती साडीवर पडले, काही दुसरीच्या भाड्याने आणलेल्या चकचकीत झग्यावर. मुलींनी साबणपाणी लावून घासले, तर डाग आणखी पसरला. मग आम्हीच पुढे होऊन कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हर घेतले. साडीवरचा डाग निघाला. झग्यावरचाही निघाला, पण त्याबरोबर तिथले कापड विरघळून भोक पडले! झग्याचे पैसे आम्ही भरून दिले. विज्ञान शिकवणाऱ्यांना हे आधी का सुचले नाही, ही रुखरुख मात्र राहिली.

हिंगोली-वसमतचा हा भाग हळदीचा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात फिका पडतो, हे येथे घरोघरी ठाऊक असते. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य धाग्यात शिरते, अल्कलीमुळे त्याचा रंग बदलतो आणि उजेडात त्याचे रेणू मोडतात. नेलपॉलिशचा डाग वेगळ्या जातीचा आहे. म्हणून त्याला ऊनही उपयोगी पडत नाही आणि साबणही.

नेलपॉलिशमध्ये मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असते. कापसातील किंवा लाकडातील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया करून ते बनवतात. म्हणजे हा आपल्या कापसाचाच दूरचा नातलग! ते एथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेले असते. रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आयर्न ऑक्साइड यांची बारीक पूड त्यात मिसळलेली असते. द्रावक उडून गेले की उरतो एक चिवट पापुद्रा. तो धाग्यांना लपेटून बसतो आणि रंगाची पूड स्वतःत अडकवून ठेवतो.

हा पापुद्रा पाण्यात विरघळत नाही. तैलरंगासाठी वापरतात ते टर्पेंटाइनही येथे कामाचे नाही. पदार्थ साधारणपणे आपल्यासारख्या गुणधर्माच्या द्रावकात विरघळतो. नायट्रोसेल्युलोजला मानवते ते ॲसिटोन किंवा एथिल ॲसिटेट, आणि रिमूव्हरच्या बाटलीत बहुधा यांपैकीच एक असते.

मग झग्याचे काय झाले? त्याचे कापड बहुधा ॲसिटेटचे असावे. सेल्युलोजपासूनच बनवलेला हा धागा तयार करताना सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळवतात, बारीक छिद्रांतून गरम हवेत सोडतात आणि ॲसिटोन उडून गेले की धागा उरतो. ज्या द्रावकातून धागा जन्मला, त्यातच आम्ही तो पुन्हा विरघळवला. साडीतील कापसाचे सेल्युलोज मात्र मूळ रूपातच होते. त्यावर ॲसिटोनचा परिणाम होत नाही.

तेव्हा डाग काढण्याआधी कापडाची परीक्षा करावी. शिवणीच्या आतला एखादा धागा काढून स्टीलच्या वाटीत ॲसिटोनच्या चार थेंबांत ठेवा. तो चिकट झाला किंवा विरघळला, तर रिमूव्हर वापरू नका. धागा टिकला, तर आतल्या बाजूला एक थेंब लावून कापडाचा रंग जातो का, तेही पाहा. रेशमी, जरीचे किंवा टिकल्या लावलेले कपडे ड्रायक्लीनिंगवाल्याकडे देणे बरे.

आता कृती. ओला डाग चोळू नका, चमच्याच्या कडेने वरचा थर अलगद उचला. जुन्या पांढऱ्या सुती कापडाची घडी करून तिच्यावर डागाची बाजू खाली येईल असा कपडा ठेवा. मागच्या बाजूने ॲसिटोनचा बोळा टिपत जा, कडेकडून मध्याकडे. पापुद्रा विरघळतो, पण रंगाची पूड विरघळत नाही. ती खालच्या घडीत उतरते. म्हणून घडी सारखी सरकवत राहा, नाहीतर तोच रंग परत कपड्याला लागेल. शेवटी गार पाण्याने खळबळून साबणाने धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका.

काही पथ्ये पाळायलाच हवीत. ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळते, पण त्याची वाफ थंडीतही पेट घेऊ शकते. जवळ चूल, शेगडी, उदबत्ती किंवा निरांजन नको. खिडक्या उघड्या ठेवा. डाग राहिला म्हणून वर ब्लीचिंग पावडर मुळीच टाकू नका. ॲसिटोनशी तिची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म बनते.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. काचेच्या चार पट्ट्यांवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका वाळू द्या. त्यांवर पाणी, साबणपाणी, स्पिरिट आणि ॲसिटोन यांचे थेंब टाका. ॲसिटोन शिक्षकांनीच हाताळावे. पाच मिनिटांनी काडीने टोकरून काय आढळते, ते विद्यार्थ्यांना लिहायला सांगा. मग विचारा: थर्माकोलच्या तुकड्यावर ॲसिटोन टाकले तर काय होईल? उत्तर आधी वहीत लिहून घ्या, मग करून दाखवा.

आमची चूक कापड न ओळखण्याची होती. डाग कशाचा आहे आणि तो कशावर पडला आहे, हे दोन प्रश्न आधी विचारले असते, तर झगा वाचला असता.