पक्ष कोणाचा: संघटनेचा की आमदारांचा?

राजकीय पक्षाची अंगे दोन. एक संघटना: शाखेपासून तालुका, जिल्हा, प्रदेश आणि राष्ट्रीय कार्यकारिणीपर्यंतची. दुसरे विधिमंडळ पक्ष, म्हणजे सभागृहात निवडून आलेले सदस्य. उमेदवारी संघटना देते. सरकार मात्र सभागृहातल्या संख्येवर टिकते. १९८५ साली पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट येईपर्यंत राज्यघटनेत पक्षांना जवळजवळ स्थानच नव्हते. या परिशिष्टानुसार व्हिप, म्हणजे सभागृहातील मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पण व्हिप काढायचा कोणी? शिवसेनेतील फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले, की व्हिप काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. मान्यताप्राप्त पक्षात फूट पडली तर चिन्हाचा वाद १९६८च्या चिन्ह आदेशानुसार निवडणूक आयोग सोडवतो.

पक्षांतर्गत निवडणुका हा या रचनेतला सर्वांत कच्चा दुवा. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणीसाठी राज्यघटना व लोकशाहीवरील निष्ठा पक्षाच्या घटनेत लिहावी लागते. पदाधिकारी खऱ्या मतदानाने निवडले नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा स्पष्ट अधिकार मात्र हा कायदा आयोगाला देत नाही.